गद्दार तर खरा, पण कोणाचा?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "ट्रेटर, टर्नकोट, रेनिगेड, क्विस्लिंग, डिफेक्टर, इन्फॉर्मर असे वीसेक शब्द मी पाठ केले. शब्दकोशात सगळ्यांपुढे 'विश्वासघातकी' नाहीतर 'गद्दार' एवढंच दिलंय. मग वाक्यात कोणता घालायचा हे कळायचं कसं?" सोबत तिने तीन वाक्यं दिली आहेत: 'निवडणुकीच्या तोंडावर त्याने गद्दारी केली', 'साक्षीदार फितूर झाला' आणि 'पावसाने दगा दिला'. यांचं इंग्रजी काय होईल?

मी सत्तावीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करते आहे. पहिली काही वर्षं न्यायालयीन कागदपत्रं केली, नंतर वर्तमानपत्रं आणि पुस्तकं. या शब्दांशी माझी रोजची गाठ पडते, आणि त्यांच्या बाबतीत चूक झाली तर एखाद्या माणसाच्या नावाला डाग लागतो. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

इंग्रजीकडे वळण्याआधी आपल्याच शब्दांकडे बघा. ज्याने ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावरच उलटला तो नमकहराम. घरातली गोष्ट बाहेर नेली तो घरभेदी. शत्रूला जाऊन मिळाला तो फितूर. आपल्याच माणसांच्या नाशाला कारण झाला तो कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ. अस्तनीतला निखारा वेगळा. तो अजून उघडा पडलेला नसतो. आणि राखणदारानेच लुटलं तर आपण म्हणतो, कुंपणानेच शेत खाल्लं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही, हे तुम्हाला न शिकवता कळतं, कारण प्रत्येकात मोडलेलं नातं वेगळं आहे. इंग्रजीचंही तसंच आहे. कोणतं नातं मोडलं आणि बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की वीसातले सतरा शब्द आपोआप गळून पडतात.

ट्रेटरपासून सुरुवात करू. त्याच्या मुळाशी लॅटिन 'त्रादेरे' आहे, म्हणजे हवाली करणं, हातात देणं. परंपरा या अर्थाचा ट्रॅडिशनही त्याच धातूचा. तिथे मागची पिढी पुढच्या पिढीच्या हातात काही देते. इ.स. 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, तेव्हा ज्यांनी भिऊन धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले त्यांना बाकीचे ख्रिस्ती 'त्रादितोर' म्हणू लागले. देऊन टाकण्याची ही भावना ट्रेटरमध्ये आजही आहे. किल्ला दिला, गुपित दिलं, माणूस दिला. त्यातून तो जड शब्द आहे. देश, राजा, ध्येय किंवा चळवळ अशा मोठ्या निष्ठेसाठीच तो शोभतो. भागीदाराने हिशेबात गडबड केली म्हणून त्याला ट्रेटर म्हटलं तर इंग्रजी वाचकाला ते विचित्र वाटेल.

आणि मुळात त्या माणसावर निष्ठेचं बंधन असावं लागतं. हे नीट समजायचं तर विल्यम जॉइसचा खटला बघा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नभोवाणीवरून हा माणूस इंग्रजीत ब्रिटनविरोधी प्रचार करायचा. ब्रिटिश लोक त्याला 'लॉर्ड हॉ-हॉ' म्हणत. 1945 मध्ये तो पकडला गेला, ट्रिझनचा, म्हणजे देशद्रोहाचा, खटला उभा राहिला आणि बचाव पक्षाने दाखवून दिलं की हा जन्मला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, अमेरिकन नागरिक म्हणून. जो ब्रिटनचा नाहीच, तो ब्रिटनचा ट्रेटर कसा? पण त्याने जन्मस्थळ खोटं सांगून ब्रिटिश पासपोर्ट मिळवला होता. न्यायालय म्हणालं, ज्या पासपोर्टचं संरक्षण तू घेतलंस, त्याबरोबर निष्ठेचं बंधनही तुझ्यावर आलं. हे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 3 जानेवारी 1946 ला त्याला फाशी झाली. एका कागदाच्या आधारावर माणूस परका प्रचारक ठरायचा की ट्रेटर, याचा निवाडा झाला. हा खटला वाचल्यापासून ट्रेटर लिहिताना मी प्रत्येक वेळी स्वतःला विचारते, याच्यावर निष्ठेचं बंधन होतं का, आणि कोणाप्रति?

बोलणाऱ्याची बाजूही इथेच दिसते. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणारे सर रॉजर केसमेंट यांना ब्रिटनने 1916 मध्ये, 1351 च्या ट्रिझन कायद्याखाली फाशी दिली. आयर्लंडने 1965 मध्ये त्यांचे अवशेष मायदेशी आणून शासकीय इतमामात त्यांचा अंत्यविधी केला. लंडनच्या नोंदीतला ट्रेटर डब्लिनच्या नोंदीत हुतात्मा आहे. तुम्ही ज्याचं भाषांतर करता आहात तो मजकूर कोणत्या गावी लिहिला गेला, हे आधी बघा.

एक चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे, म्हणून इथेच सांगते. ट्रिझन आणि सेडिशन हे दोन वेगळे गुन्हे आहेत. टिळकांवर 1897 मध्ये आणि पुन्हा 1908 मध्ये चालले ते खटले सेडिशनचे, भारतीय दंडसंहितेच्या कलम 124-अ खालचे. मराठीत त्याला राजद्रोह म्हणतात: सरकारविरुद्ध अप्रीती निर्माण करणं. देशद्रोह ही वेगळी गोष्ट आहे. सेडिशन शब्द आला की देशद्रोह लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत, आणि टिळकांसाठी तो शब्द वापरला की काय अनर्थ होतो ते तुम्हीच बघा. सरकारवर कडक लेख लिहिणारा माणूस आणि शत्रूला किल्ला देणारा माणूस यांना एका शब्दात कोंबू नका.

आता विशेषनामांतून आलेले शब्द. क्विस्लिंग हा त्यातला सर्वांत नेमका. विद्कुन क्विस्लिंग हा नॉर्वेचा माजी संरक्षणमंत्री. 9 एप्रिल 1940 ला जर्मन सैन्य नॉर्वेत उतरलं त्याच संध्याकाळी याने नभोवाणीवर जाऊन परस्पर स्वतःला सरकारप्रमुख घोषित केलं. आठवडाभरात जर्मनांनीच त्याला बाजूला सारलं, पण 19 एप्रिलला लंडनच्या 'द टाइम्स'ने अग्रलेखाच्या मथळ्यात त्याचं नाव अनेकवचनात वापरलं, आणि त्याच्या हयातीतच ते सामान्यनाम झालं. पुढे 1942 पासून तो खरोखरच जर्मनांच्या आश्रयाने सत्तेवर बसला आणि ऑक्टोबर 1945 मध्ये ऑस्लोत त्याला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. तेव्हा क्विस्लिंग म्हणजे नुसता गद्दार नव्हे. आक्रमकाने जिंकलेल्या आपल्याच देशात, त्या आक्रमकाच्या जोरावर खुर्चीत बसलेला माणूस. परका कब्जा आणि त्या कब्जातली खुर्ची, दोन्ही असल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

बेनेडिक्ट अर्नॉल्ड हे नाव फक्त अमेरिकन कानांसाठी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला हा शूर सेनानी 1777 मध्ये साराटोगाच्या लढाईत पायाला जखमी झाला. 1780 मध्ये त्याने वेस्ट पॉइंटचा किल्ला ब्रिटिशांना द्यायचा कट केला, तो फुटल्यावर पळून ब्रिटिशांकडून लढला. साराटोगाच्या रणभूमीवर त्याच्या जखमी पायाचं स्मारक आहे. दगडात कोरलेला एक बूट, खाली त्या योद्ध्याची स्तुती आणि नाव मात्र कुठेच नाही. विश्वासघाताबद्दलचा इतका बोलका दगड मला दुसरा माहीत नाही. इंग्लंडमध्ये मात्र हे नाव शिवी म्हणून चालत नाही, कारण तिथे तो आपल्या बाजूला आलेला होता.

जूडस, म्हणजे येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य, सगळीकडे चालतो. त्यात दोन गोष्टी हव्यात: अगदी जवळचा शिष्य किंवा मित्र असणं, आणि मोबदला घेणं. तीस चांदीची नाणी आणि ओळख पटवण्यासाठी घेतलेलं चुंबन, दोन्ही इंग्रजीत वाक्प्रचार झाले आहेत. आपल्याकडे हीच जागा लोकपरंपरेने सूर्याजी पिसाळांच्या नावाला दिली आहे, बंगालमध्ये 1757 च्या प्लासीनंतर मीर जाफरला. पण इंग्रजी वाचकासाठी लिहिताना ही नावं तशीच टाकली तर त्याला काही कळणार नाही, आणि मराठीत सूर्याजीच्या जागी जूडस आणला तर रायगडाची सगळी हवाच निघून जाईल. नाव तसंच ठेवा आणि वाक्यातच एखादा धागा द्या, म्हणजे वाचकाला अर्थ लागतो.

टर्नकोट हा त्या मानाने हलका शब्द आहे. अंगरख्यावर धन्याचा रंग किंवा खूण असायची. बाजू बदलायची तर अंगरखा उलटा घालायचा. मराठीत आपण टोपी फिरवतो, ते याच्या फार जवळचं आहे. यात गुपित फोडणं नाही, कोणाला मारायला देणं नाही, फक्त स्वार्थासाठी पक्ष बदलणं आहे. रेनिगेड स्पॅनिशमधून आला, मूळ अर्थ ख्रिस्ती धर्म सोडून मुसलमान झालेला. आज त्यात बंडखोरीची किंचित ऐटही मिसळली आहे. धर्म किंवा विचारसरणी सोडली एवढंच सांगायचं असेल तर अपोस्टेट.

डिफेक्टरवर मात्र थांबायला हवं, कारण इथे मी स्वतः चुकले होते. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका साप्ताहिकासाठी शीतयुद्धावरचा लेख आला होता. त्यातल्या प्रत्येक डिफेक्टरला मी 'गद्दार' केलं. लेख छापून आला आणि एका वयस्कर वाचकांचं पोस्टकार्ड आलं: मूळ लेखक ज्यांचं कौतुक करतोय त्यांना तुम्ही शिव्या का देता? मी मूळ लेख पुन्हा काढून वाचला. ते अगदी बरोबर होते. त्या पोस्टकार्डाने मला जे शिकवलं ते कोणत्याही वर्गात शिकले नव्हते.

डिफेक्टर हा ज्या बाजूला माणूस येतो त्या बाजूचा शब्द आहे. किम फिल्बी ब्रिटिश गुप्तहेर खात्यात राहून वर्षानुवर्षं सोव्हिएत संघासाठी काम करत होता. जानेवारी 1963 मध्ये तो बैरूतहून मॉस्कोला पळाला. ओलेग गोर्दिएव्स्की केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेत राहून ब्रिटनसाठी काम करत होता. 1985 मध्ये ब्रिटिशांनी त्याला सीमेपलीकडे फिनलंडमध्ये काढलं. दोघांचं कृत्य आरशातल्या प्रतिमेसारखं आहे. पण ब्रिटिश लिखाणात फिल्बी ट्रेटर आहे आणि गोर्दिएव्स्की डिफेक्टर; त्याला 2007 मध्ये ब्रिटनने सन्मानही दिला. मॉस्कोने त्याला मृत्युदंड ठोठावला होता. आत दडून काम करत असताना असे दोघंही 'मोल', म्हणजे जमिनीखालून पोखरणारे. म्हणून माझ्या आजच्या मसुद्यात डिफेक्टर म्हणजे 'पक्ष सोडून आलेला', 'पलीकडून आलेला', आणि गद्दार फक्त त्याच्या मायदेशातल्या माणसाच्या तोंडी.

इथे तुमचं पहिलं वाक्य सुटतं. निवडणुकीच्या तोंडावर नेमकं काय केलं? आमदाराने पक्ष सोडला असेल तर बातमीत 'डिफेक्टेड'. 1985 मध्ये राज्यघटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली तेव्हापासून पक्षांतराला आपल्याकडे हाच शब्द रूढ आहे. अधिकृत उमेदवाराविरुद्ध स्वतः उभा राहिला तर तो 'रेबेल', म्हणजे आपला बंडखोर. पक्षात राहून रात्री समोरच्याचा प्रचार केला तर 'वर्क्ड अगेन्स्ट हिज ओन पार्टी' असं साधं सांगा. आणि हे वाक्य सभेत एखादा नेता ओरडून म्हणत असेल, तर तिथे 'ट्रेटर' लिहा, अवतरणचिन्हांत, त्याच्या नावावर. गेल्या काही वर्षांत आपल्या राजकारणात गद्दार हा शब्द इतका फिरला आहे की बातमीच्या भाषेत तो घेतला की बातमीदार एका गटात जाऊन बसतो.

फिफ्थ कॉलमबद्दल एक तळमळ आहे, ती सांगते. स्पॅनिश यादवी युद्धात, 1936 मध्ये, जनरल मोला याच्या फौजा माद्रिदकडे निघाल्या होत्या. चार तुकड्या बाहेरून चाल करून येत आहेत आणि पाचवी शहराच्या आतच आहे, असं तो म्हणाल्याचं सांगतात. कॉलम म्हणजे चालणाऱ्या सैन्याची रांग. मराठीत मात्र कोणीतरी त्याचा खांब केला आणि 'पंचमस्तंभी' हा शब्द रुजला. लोकशाहीचा चौथा स्तंभ आपण पत्रकारितेला म्हणतो, त्यामुळे नव्या वाचकाला पंचमस्तंभी म्हणजे त्याच इमारतीचा पुढचा खांब वाटतो. मी तो वापरत नाही. 'आतले हस्तक' किंवा 'शहरातच दडलेले शत्रूचे साथीदार' असं लिहिते. लांब होतं, पण खरं होतं.

कोलॅबोरेटरचाही असाच सापळा आहे. 24 ऑक्टोबर 1940 ला जर्मनीपुढे हरलेल्या फ्रान्सचा राष्ट्रप्रमुख पेतां याने हिटलरशी हस्तांदोलन केलं आणि काही दिवसांनी नभोवाणीवरून देशाला सहकार्याचा मार्ग सांगितला. तेव्हापासून युरोपात या शब्दावर काळी छाया आहे. संशोधनात, संगीतात तो अजूनही निर्मळ 'सहकारी' आहे. युद्ध, कब्जा, आक्रमण असा संदर्भ आला की 'शत्रूचा साथीदार'. कोलॅबोरेशनिस्ट म्हटलं की मात्र शंकाच नाही, तो फक्त वाईट अर्थाने येतो.

आता खबर देणारे. इन्फॉर्मर हा त्यातला कोरडा, कागदोपत्री शब्द. 1897 मध्ये पुण्यात रँडच्या वधानंतर चापेकरांची माहिती पोलिसांना देणारे द्रविड बंधू इंग्रजी कागदपत्रांत इन्फॉर्मर आहेत. फेब्रुवारी 1899 मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्यांना गोळ्या घातल्या ते फितूर म्हणून. रस्त्यावरचे शब्द वेगळे: अमेरिकेत रॅट आणि फिंक, ब्रिटनमध्ये ग्रास. ग्रासने अनेकांना एकदम अडकवलं तर सुपरग्रास. 1980 च्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या खटल्यांनी तो घराघरात पोहोचवला. स्टूल पिजन म्हणजे इतर कबुतरांना भुलवायला बांधून ठेवलेलं कबूतर. स्निचचा जुन्या बोलीत एक अर्थ होता नाक. आणि नार्क हा शब्द रोमानी भाषेतल्या 'नाक'वरून आला असं कोशकार सांगतात. रोमानी ही भारतातून गेलेल्या लोकांची भाषा, तेव्हा हे आपलंच नाक आहे. लंडनच्या गल्लीतल्या खबऱ्याच्या नावात ते सापडलं तो दिवस मला अजून आठवतो. दिवसभर मी तेच सांगत फिरत होते.

साक्षीदाराचं वाक्य न्यायालयातलं आहे, तिथे भावना चालत नाही. 'द विटनेस टर्न्ड होस्टाइल' हेच लिहा. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 154 मध्ये होस्टाइल हा शब्द नव्हता, पण वकिलीत तोच चालतो. उलट दिशेने भाषांतर करताना 'साक्षीदार शत्रू झाला' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. ते चूक, फितूर हाच आपला शब्द. त्याच्या शेजारचा अप्रूव्हर म्हणजे माफीचा साक्षीदार. आरोपींपैकीच एक, माफीच्या अटीवर सगळं सांगणारा. गांधीहत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे होता तसा. हा इंग्लंडच्या मध्ययुगीन कायद्यातला शब्द तिथे मागे पडला, आपल्याकडे टिकला. त्यामुळे परदेशी वाचकासाठी लिहाल तर ब्रिटनमध्ये 'टर्न्ड किंग्ज एव्हिडन्स' आणि अमेरिकेत 'टर्न्ड स्टेट्स एव्हिडन्स'.

संपात कामावर जाणारा तो स्कॅब, जुन्या ब्रिटिश बोलीत ब्लॅकलेग. आपला संपफोड्या. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या चाळींत हा शब्द कोणत्या रागाने उच्चारला जायचा हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना स्कॅबचं वजन समजावून सांगावं लागत नाही. भुकेल्या घरासाठी कोणी गिरणीत कामावर गेला असेल तर त्याला काय म्हणायचं, हे मी ठरवणार नाही. लेखकाने जे म्हटलं असेल ते प्रामाणिकपणे आणेन.

आणि व्हिसलब्लोअरला या रांगेत अजिबात उभं करू नका. त्याने संस्थेची गोष्ट बाहेर नेली हे खरं, पण लोकांचा विश्वास राखण्यासाठी. मराठीने त्याला 'जागल्या' हा गावच्या पहारेकऱ्याचा शब्द दिला. गेल्या कित्येक वर्षांत आपल्या भाषेत घडलेल्या भाषांतरांपैकी हे मला सर्वांत सुंदर वाटतं.

घरगुती शब्द भराभर सांगते. कचेरीत गोड बोलून पाठीत खंजीर खुपसणारा बॅकस्टॅबर. मिळून केलेल्या काळ्या धंद्यात साथीदाराला फसवणारा डबल-क्रॉसर. अनफेथफुल हा शब्द जपून, माणसाबद्दल तो म्हटला की मनात आधी लग्नच येतं. 'ही चीटेड मी' म्हणजे पैशात फसवलं. त्यात 'ऑन' घातलं, 'ही चीटेड ऑन मी', की बाहेरख्यालीपणा झाला. मुलाखतीत एका मुलाने जुन्या भागीदाराबद्दल हे दुसरं वाक्य म्हटलेलं मी ऐकलं आहे. नमकहरामला एका शब्दाचा जोडीदार नाही; इनग्रेट फिका पडतो, 'बाइटिंग द हँड दॅट फीड्स' थोडं जवळ जातं.

परफिडी हा शब्द युद्धनियमांत फार काटेकोर आहे. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम 37 नुसार पांढरं निशाण दाखवून किंवा शरण आल्याचं सोंग करून मारणं ही परफिडी, निषिद्ध. दबा धरणं, हूल देणं, खोटी बातमी पेरणं हे रूझ, मान्य. गनिमी कावा म्हणजे रूझ. ग्रँट डफ यांनी 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला तेव्हा प्रतापगडाची भेट शिवाजी महाराजांचं कपट ठरवली; मराठी इतिहासकारांनी पहिला वार खानाचा होता असं म्हणत त्याला उत्तर दिलं. त्या वादाचं भाषांतर करताना ट्रेचरी, म्हणजे कपट, कोणाच्या वाक्यात आहे ते जराही हलू देऊ नका.

ट्रेचरस हे विशेषण माणसाइतकंच वाटेला, बर्फाला, पाण्यालाही लागतं. दिसायला सुरक्षित आणि पाय ठेवला की घात. पावसाळ्यातला घाटरस्ता ट्रेचरस. म्हणून तुमच्या तिसऱ्या वाक्यात तो घालायचा मोह होईल, किंवा बिट्रेड घालायचा. पण तिथला पाऊस दिसायला एक आणि असायला एक नव्हता, तो आलाच नाही. शेतकरी पेरणी करून आभाळाकडे बघत बसला. मराठी त्याला दगा म्हणते कारण आपण पावसाशी माणसासारखं नातं ठेवतो. इंग्रजीत लिहा 'द रेन्स फेल्ड'.